त्रिसरणाएवढी धार

नांदेडच्या एमआयडीसीतल्या गोदातीर प्लायवूड कारखान्यात मार्चमधल्या एका मंगळवारी दोन टन रेझिनचा खरवस झाला, आणि तो केमिस्टनं केला. केमिस्ट म्हणजे हे लिहिणाराच; पण त्या दिवसापासून स्वतःला 'मी' म्हणवून घ्यायची त्याची टाप राहिली नाही, म्हणून इथं त्याला अंबरीश म्हणू.

अंबरीश मुरुडचा. वडील मास्तर, आई मास्तरीण, घरात माणसांपेक्षा खडू जास्त. लातूरला एम.एस्सी. केली, पहिल्या वर्गात पास झाला, आणि आईनं कडक इस्त्री करून दिलेला पांढरा कोट घालून नोकरीवर हजर झाला. दोन महिन्यांत त्याला एवढं कळलं होतं की प्लायवूड म्हणजे लाकडाचे कागदासारखे पातळ थर एकावर एक चिकटवून, गरम दाबाखाली एकजीव केलेली फळी. थर साध्या लाकडाचे का असेनात, फळी टिकते ती मधल्या चिकटीवर. ही चिकटी म्हणजे रेझिन, आणि गोदातीरमध्ये ते विकत न आणता घरीच शिजवायची पद्धत होती. शिजवायचं भांडं म्हणजे केटल. चहाच्या किटलीशी तिचं नातं फक्त नावापुरतं. ही माणसापेक्षा उंच, स्टीलची, अंगाभोवती वाफेचं वेष्टण आणि पोटात ताकाच्या रवीसारखी फिरणारी पाती.

त्या केटलपाशी सरजाबाई गजभारे काम करायची. वय सत्तावन्न, अंगानं काटक, पदर खोचलेला, पायात पुरुषी बूट. पहिल्याच दिवशी अंबरीशनं तिला गोड आवाजात "मावशी" म्हटलं, तेव्हा तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मावशी घरी," ती म्हणाली. "हितं मी गजभारे ऑपरेटर."

हजेरीबुकात तिच्या नावापुढं तीस वर्षं 'हेल्पर' लिहिलेलं होतं, ते अंबरीशनं नुकतंच पाहिलं होतं. पण ते बोलून दाखवू नये, एवढी अक्कल त्याला होती.

त्या मंगळवारी पांढरा माल शिजत होता. घरातली कपाटं, टेबलं यांच्यासाठी पांढरं रेझिन लागतं, आणि पाण्याशी ज्यांची गाठ पडायची त्यांच्यासाठी लाल. पांढऱ्यात सगळं नाजूक काम एकाच ठिकाणी असतं. माल तापला की त्यात आम्ल हळूहळू सोडायचं. कमी पडलं तर माल पाण्यासारखा राहतो, आणि जास्त झालं तर काय होतं ते अंबरीशनं पुस्तकात वाचलं होतं. आम्ल नेहमी सरजाबाईच सोडायची. त्या दिवशी अंबरीश म्हणाला, "आज मी सोडतो. तुम्ही फक्त थेंब बघा."

सरजाबाईची थेंब बघायची रीत तिची स्वतःची होती. माठातल्या पाण्यानं भरलेल्या काचेच्या पेल्यात रेझिनचा एक थेंब टाकायचा. थेंब निमूट विरघळला तर त्याला ती म्हणायची 'पाणी'. धुरकट पसरला तर 'ताक'. पांढरी रेघ सरळ तळाला उतरली की 'दूध'. दूध दिसलं की आम्ल बंद. त्याच्या पुढची पायरी 'खरवस', आणि तो तिनं आयुष्यात चारदा पाहिला होता, चारही वेळा पदवीधरांच्या हातचा.

अंबरीश वरच्या फळीवर कॅन घेऊन उभा, सरजाबाई खाली पेला घेऊन. मोटारीचा आवाज. त्यानं धार सोडली.

"ताक," सरजाबाई म्हणाली. मग थोड्या वेळानं, "चालु."

"हो, चालूच आहे," अंबरीश म्हणाला आणि धार चालू ठेवली.

"चालु, चालु."

एवढी घाई कशाला, असं वाटून त्यानं कॅन जरा जास्त कलता केला.

"चालुऽ"

शेवटचा उच्चार इतका जोरकस होता की बाई आपल्याला शाबासकी देतेय असं त्याला वाटलं, आणि त्यानं उरलेलं सगळं ओतलं. मग पात्यांचा सूर बदलला. गिरणीत खडा यावा तशी घरघर झाली, मोटार एकदा कण्हली आणि थांबली. झाकण उघडून दोघांनी आत पाहिलं. आत पांढराशुभ्र, घट्ट, वड्या पाडाव्यात असा दोन टन खरवस थरथरत होता.

"मी 'चालु' म्हणून राहिले अन् तुमी ओतूनच राहिलाव," सरजाबाई म्हणाली.

"चालू म्हणजे चालूच ना बाई. मग ओतू नको तर काय करू?"

सरजाबाईनं पेला खाली ठेवला आणि ओठांवर पदर धरला. तिचं माहेर बोधनच्या पलीकडचं. तिच्या आईच्या भाषेत, म्हणजे तेलुगूत, 'चालु' म्हणजे पुरे, बस झालं.

"मग 'बस' का नाही म्हणालात?"

"बस म्हणाया टाइम असला की मी मराठीत बोलते," ती म्हणाली. "जीव घाबरला की माय आठवते. अन् माय तेलुगू होती."

पुढचे तीन दिवस आठ माणसं छिन्नी-हातोडा घेऊन केटलीत उतरून चढत होती. त्या आठांत नववा अंबरीशही होता, पांढऱ्या कोटासकट. गरम दाबाच्या प्रेसवरच्या पोरांनी त्याचं बारसं करून टाकलं: खरवस साहेब. जेवणाच्या सुट्टीत कुणी विचारायचं, "साहेब, वेलदोडे टाकले होते का?"

मालक किशनराव साठीचे, शांत गृहस्थ. ओरडले नाहीत. त्यांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"चूक कुणाची?"

अंबरीशनं तोंड उघडलं, पण सरजाबाई आधी बोलली. "चूक शब्दाची हाय मालक. त्यायनं मराठीत ऐकलं, मी तेलुगूत सांगितलं. निम्मी-निम्मी करा."

"निम्मा खरवस विकला जातो का सरजाबाई?" किशनराव म्हणाले. मग त्यांनी चष्मा पुसला. "मी ठरवलंय. रेझिन आता बाहेरून तयार आणायचं, टँकरनं. केटल बंद करतो. तुम्ही परत थर लावायच्या टेबलावर या. तसंही आता गिऱ्हाईक येतं ते विचारतं, ऑपरेटर कोण, शिक्षण काय. मी काय सांगू, चौथी पास? तीही तेलुगू चौथी?"

बाहेर आल्यावर सरजाबाई केटलीपाशी गेली, झाकणाच्या कडेला राहिलेला पांढरा कपचा नखानं काढला आणि खिडकीबाहेर टाकला. थर लावायचं टेबल म्हणजे तिनं जिथून सुरुवात केली ती जागा. तीस वर्षं चालून माणूस परत फाटकाशी उभा राहावा, तसं ते होतं. अंबरीशला पहिल्यांदा कळलं की त्यानं नुसता दोन टन माल वाया घालवलेला नाही, त्यानं एका बाईची खुर्ची काढून घेतली. खुर्ची म्हणजे तिथं नव्हतीच म्हणा, एक पत्र्याचा डबा होता, त्यावर ती बसायची.

तो डबा तिनं कसा मिळवला ते कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त केमिस्टांना कुणी सांगत नसे.

लग्न होऊन सरजाबाई बिलोली तालुक्यात आली, आणि तिथून नवऱ्याबरोबर नांदेडला. नवरा लिंबाजी लाकूड वखारीत ओझी उचलायचा. गोदातीर सुरू झाला तेव्हा ती थर लावायच्या टेबलावर लागली. लाकडाचा पातळ थर वाळलाय की ओला आहे हे बाकीच्या बायका हातानं बघायच्या, ती गालाला लावून बघायची. "हाताला घट्टे पडतेत, ते खोटं बोलतेत," ती म्हणायची. "गालाला खोटं बोलता येत न्हाई." तेव्हाचा केमिस्ट वीरेश, उदगीरचा, कानडी माणूस. त्याला थेंबाचा पेला आणून द्यायचं काम हिच्याकडं आलं. पेला देऊन ती निघून जात नसे. उभी राहायची.

चिकटी शिजताना बघत उभं राहायची सवय तिला लहानपणापासूनच होती. जयंतीच्या आधी आठ दिवस तिची आई चिंचोके भाजून, दळून, त्याची खळ शिजवायची, आणि वस्तीभरच्या निळ्या कागदी पताका त्या खळीनं दोऱ्याला चिकटायच्या. खळ कच्ची राहिली तर मिरवणुकीआधी वारा पताका घेऊन जायचा. जास्त शिजली तर गोळा. अशी एक जयंती बिनपताकांची गेली होती, आणि त्या वर्षी आई कुणाशी दोन दिवस बोलली नव्हती, एवढं सरजाबाईला आठवतं.

मग एकदा वीरेश लग्नाला म्हणून पंधरा दिवस गावी गेला आणि रेझिन चार दिवसांत संपलं. किशनराव तेव्हा तरुण होते, फेऱ्या मारत होते. सरजाबाई टेबलावरून उठून म्हणाली, "मी शिजवते." किशनरावांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग छताकडं, मग म्हणाले, "अर्धी केटल." अर्धी केटल उतरली, फळ्या चिकटल्या, आणि वीरेश परत आला तेव्हा पत्र्याच्या डब्यावर सरजाबाई बसलेली होती. पुढं वीरेशला हैदराबादेत नोकरी लागली. त्याच्यामागून सात केमिस्ट आले. कुणाचं नाव काय ते तिला आठवत नाही. कुणी किती केटली बिघडवल्या ते आठवतं.

लिंबाजी गेल्याला अकरा वर्षं झाली. मुलगी महामाया लातूरला सरकारी दवाखान्यात नर्स. ती आईला म्हणते, आता बस कर, माझ्याकडं ये. सरजाबाई म्हणते, तुझ्या दवाखान्यात केटल हाय का?

तर ही केटल बंद होणार होती, आणि ती तशी झालीही असती, जर लातूरचे उद्धवराव आले नसते.

उद्धवराव फर्निचरचे ठेकेदार. लातुरात बाहेरगावची पोरं शिकवण्यांसाठी हजारोंनी येऊन राहतात, त्यांच्या वसतिगृहांना खाटा-टेबलं पुरवायचं काम ते करत. त्यांना न्हाणीघरांची चारशे दारं हवी होती.

"गेल्या साली लावलेली दारं फुगली," उद्धवराव खुर्चीत बसता बसता म्हणाले. "एकेका न्हाणीघरात बारा पोरं. एक पोरगं आत अडकलं, पेपर बुडायची पाळी आली त्याची. म्हणून आता मी कागद बघत नसतो. तुमची फळी माझ्यासमोर बहात्तर तास उकळायची. सुटली नाही तर चारशे दारांची ऑर्डर तुमची."

ज्या गावानं एका उन्हाळ्यात प्यायचं पाणी रेल्वेनं मागवलं, त्या गावचा माणूस आता तीन दिवस पाणी उकळून फळीची परीक्षा घेणार होता. लातूरकराला पाण्याची मस्करी आवडत नाही हे अंबरीशला ठाऊक होतं, म्हणून तो हसला नाही.

किशनराव म्हणाले, "होऊन जाऊ द्या. टँकरचं लाल रेझिन उद्याच येतंय."

तेव्हा अंबरीश बोलला. का बोलला ते त्याला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा छिन्नीनं हाताला आलेले फोड बोलले. "साहेब, दोन फळ्या उकळू. एक टँकरच्या मालाची, एक आपल्या केटलीतल्या मालाची. आपली सुटली तर केटल भंगारात द्या. मीही जातो."

"तुम्ही गेलात तर कुणाला कळेल," किशनराव म्हणाले, पण हो म्हणाले.

लाल माल शिजवायच्या दिवशी सरजाबाईनं अंबरीशला केटलीपाशी उभं केलं. "आज शब्द ठरवून घिऊ. मी 'थांब' म्हणले की थांबायचं. 'ए मुडद्या' म्हणले तरी थांबायचं. 'अम्मा' म्हणले तर वाफेचा व्हॉल्व्ह बंद करून बाजूला पळायचं."

"आणि काहीच नाही म्हणालात तर?"

"तर मी झोपले न्हाई, काम बरूबर चालू हाय. तुमच्या मराठीतलं चालू."

लाल माल पांढऱ्यासारखा एका क्षणात दगा देत नाही, पण त्याची तब्येत सांभाळावी लागते. तापमान नव्वदीच्या वर गेलं की तो स्वतःच तापायला लागतो, मग वाफ बंद करून थंड पाणी फिरवायचं. अंबरीश तापमापकावर डोळा ठेवून होता, सरजाबाई पात्यांच्या आवाजावर कान ठेवून. दोनदा तिनं पाणी सोडायला सांगितलं तेव्हा काट्यानं अजून मान हलवलेली नव्हती, आणि दोन्ही वेळा मिनिटभरानं ती हलली.

शेवटी धार बघायची वेळ आली. त्यासाठी बुडाला बारीक भोक असलेला एक पितळी पेला असतो. भोकावर बोट धरून तो रेझिननं भरायचा, बोट काढायचं, आणि धार तुटेपर्यंत किती वेळ लागतो ते मोजायचं. पातळ माल लवकर संपतो, दाट माल रेंगाळतो. अंबरीशनं मोबाइलवरचं घड्याळ काढलं. सरजाबाईनं पेला उचलला, हातमोज्यातलं बोट काढलं, आणि तिचे ओठ हलायला लागले.

धार तुटली. "आजून पातळ," ती म्हणाली. "दहा मिनिट."

घड्याळात एकोणीस सेकंद दिसत होते. दहा मिनिटांनी पुन्हा पेला, पुन्हा ओठ. आता बावीस. "पाच मिनिट." तिसऱ्यांदा धार तुटली आणि तिनं समाधानानं मान डोलावली. घड्याळात चोवीस. अंबरीशच्या पुस्तकात बरोबर चोवीसच होते.

"तुम्ही काय मोजता?" त्यानं विचारलं. "एक, दोन, तीन?"

"त्रिसरण म्हणते."

"काय?"

"बुद्धं सरणं गच्छामि. धम्मं, संघं. मग दुतियम्पि तिन्ही, मग ततियम्पि तिन्ही. नऊ ओळी. शेवटचं संघं सरणं सरल्यावर धार तुटली पायजे. आधी तुटली तर माल कच्चा, मी म्हणून गप बसले तरी धार हायेच तर माल म्हातारा." तिनं पेला पुसला. "वीरेश साहेबाचं घड्याळ बंद पडलं होतं एकदा. तवापासून हेच. हे बंद पडत न्हाई."

अंबरीशचा तरीही विश्वास बसेना. त्यानं गुपचूप, पाठ फिरवून, ती पुन्हा म्हणत असताना तीनदा घड्याळ लावलं. तेवीस, चोवीस, चोवीस. गणिताच्या मास्तराचं पोर ते. त्याला आकड्यांपुढं मान तुकवावीच लागली. वहीत त्यानं लिहिलं, 'प्रवाहकाल २४ सेकंद'. सरजाबाईनं वाकून वहीकडं पाहिलं. मराठी अक्षरं ती सावकाश वाचायची.

"त्रिसरण लिव्हलं न्हाई?"

"तेच आहे. चोवीस सेकंद."

"तेच हाय तर तेच लिव्हा की," ती म्हणाली. त्यानं कंसात लिहिलं. त्या वहीत ते अजून आहे.

फळ्या झाल्या. सरजाबाईनं मधला एकेक थर गालाला लावून पास केला, टँकरच्या फळीचेसुद्धा. "माल कुणाचा का असंना, लाकूड ओलं द्यायचं न्हाई," ती म्हणाली. टँकर मात्र एप्रिलच्या उन्हात तीन दिवस कुठंतरी उभा राहून आला होता. आतलं रेझिन काकवीसारखं ओघळत होतं, आणि ते पसरेना म्हणून सोबतच्या माणसानं त्यात दोन बादल्या पाणी घातलं. अंबरीशनं ते किशनरावांना दाखवलं. किशनराव म्हणाले, "उकळल्यावर कळेल."

आणि उकळायच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेतल्या हीटरनं मान टाकली. दुरुस्तीचा माणूस म्हणाला, सुटा भाग पुण्याहून येईल, आठ दिवस. उद्धवराव सोमवारी दहाला येणार होते. प्रत्येक मालाचे सहा-सहा तुकडे एका वेळी बुडतील एवढं भांडं कारखान्यात नव्हतं.

सोमवारी सकाळी फाटकाशी रिक्षा थांबली. आधी भगुनं उतरलं, मग सरजाबाई. भगुनं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, जाड, शंभर माणसांची खीर होईल एवढं. कडेला ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं: कालकथित लिंबाजी गजभारे यांच्या स्मरणार्थ. नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाला तिनं ते वस्तीतल्या विहाराला दान दिलं होतं.

"समितीनं दिलं?" अंबरीशनं विचारलं.

"पौर्णिमेच्या आत परत पायजे म्हणले. नऊ दिवस हायेत. बहात्तर तास म्हंजी तीनच दिवस ना?"

उद्धवरावांनी स्वतःच्या हातानं तुकड्यांना खुणा केल्या. टँकरच्या मालाला करवतीची एक खाच, केटलीच्या मालाला दोन. बारा तुकडे भगुन्यात गेले, वर जाळी आणि जाळीवर दगड. प्रयोगशाळेच्या ओसरीवर गॅसच्या शेगडीवर पाणी उकळायला लागलं. तीन दिवस कारखान्यातली माणसं येता-जाता डोकावायची. "मटण शिजलं का साहेब?" "तिखट कमी हाय." आटलेलं पाणी भरायचं ते उकळतंच भरायचं, हा नियम अंबरीशनं फळ्यावर लिहिला आणि सरजाबाईनं पाळला. उद्धवरावांनी आपला एक माणूस तिथं खुर्चीवर बसवला होता. तो पहिल्या दिवशी संशयानं बघत होता, तिसऱ्या दिवशी सरजाबाईच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाऊन स्वतःच पाणी भरायला लागला.

गुरुवारी सकाळी दहाला गॅस बंद केला. तुकडे बाहेर काढून थंड पाण्यात टाकले. उद्धवराव, किशनराव, प्रेसवरची माणसं, टेबलावरच्या बायका, सगळे ओसरीवर. सरजाबाई मागं, भिंतीला टेकून उभी होती. हात पदरात. अंबरीशनं पाहिलं, तिचे ओठ हलत होते आणि या वेळी कुठलीही धार वाहत नव्हती.

उद्धवरावांनी आधी एका खाचेचा तुकडा घेतला. पटाशीचं पातं थरांच्या फटीत घातलं आणि मनगट वळवलं. पुरीचा पापुद्रा सुटावा तसा वरचा थर अलगद सुटून आला. आतला भाग गुळगुळीत, ओला. दुसरा तुकडा तसाच, तिसरा त्याहून लवकर. उरलेल्या तिघांना तर पटाशीही लागली नाही, अंगठ्यानंच काम झालं.

मग दोन खाचांचा. पातं शिरेना. उद्धवरावांनी तुकडा गुडघ्याशी धरला, पटाशीवर हातोडी मारली. कडाडकन लाकूड फाटलं. त्यांनी फाटलेला भाग उजेडात धरला. लाकडाचे तंतू उपटून निघाले होते, आणि मधली लाल रेघ जिथल्या तिथं होती. लाकूड हरलं होतं, सांधा नाही. त्यांनी सहाही तुकडे फोडले. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला, तोही सहजासहजी सुटेल असं दिसत नव्हतं.

"हा माल कुणी केला?" त्यांनी विचारलं.

"आमचे केमिस्ट," किशनराव अंबरीशकडं हात करून म्हणाले. "एम.एस्सी. आहेत. लातूरचेच."

सगळ्यांनी अंबरीशकडं पाहिलं. खरवस साहेबाचं नाव त्या एका क्षणात धुऊन निघालं असतं. त्यानं मागं भिंतीकडं पाहिलं, पण त्याला काही बोलावं लागलं नाही. सरजाबाई पुढं आली होती.

"माल माझा हाय," ती म्हणाली. "कागद त्यायचे."

उद्धवराव किशनरावांकडं बघत राहिले. किशनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"शिक्षण काय तुमचं बाई?" उद्धवरावांनी विचारलं. विचारण्यात खोच नव्हती, कुतूहल होतं.

"चौथी. तेलुगू." आणि मग, "तीस साल केटल."

उद्धवरावांनी दोन खाचांचा एक फुटका तुकडा रुमालात गुंडाळून खिशात टाकला. "हा मी लातूरला दाखवायला नेतो. दारं पाठवताना माल ह्याच बाईंच्या हातचा पाहिजे, हे ऑर्डरीत लिहून घ्या." जाता जाता त्यांनी किशनरावांना विचारलं, "ऑपरेटरचं नाव काय म्हणालात?"

"गजभारे," किशनराव म्हणाले. "सरजाबाई लिंबाजी गजभारे." तीस वर्षांत तिचं पूर्ण नाव त्यांच्या तोंडून तिथं कुणी ऐकलं नव्हतं. टेबलावरच्या बायकांतली एक दुसरीला कोपर मारत होती.

टँकर परत गेला. हजेरीबुकात पुढच्या पहिल्या तारखेला 'हेल्पर' खोडून 'ऑपरेटर' झालं. शाई वेगळी आहे, त्यामुळं लांबूनही दिसतं. त्या गुरुवारी संध्याकाळी महामायाचा फोन आला तेव्हा सरजाबाई तिला म्हणाली, "तुमच्या लातूरची पोरं आता माझ्या दारामागं आंघोळ करणार हायेत. तू काय सुई टोचतीस."

एवढ्यात भगुन्याचा विषय निघाला.

पाणी ओतून टाकल्यावर आत पाहिलं तर भगुनं आतून काळंठिक्कर पडलेलं. जर्मनच्या भांड्यात क्षाराचं पाणी तीन दिवस उकळलं की ते काळवंडतं, हे बारावीच्या पुस्तकात आहे, आणि अंबरीशनं तो धडा लातूरच्या एका नामांकित शिकवणीत दोनदा केला होता. सरजाबाईनं आत हात फिरवला, बोटं बघितली.

"ह्यात खीर केली तर काळी दिसंल."

"मी नवीन घेऊन देतो," अंबरीश म्हणाला. "इतवाऱ्याच्या बाजारातून. ह्याच्यापेक्षा मोठं. नावही टाकून आणतो."

"नवं तुमचं हुईल. हे त्यांचं हाय." तिनं कडेवरच्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. "हेच घासून द्या."

त्या बुद्धपौर्णिमेला विहारात खीर दोन उसन्या पातेल्यांत झाली. अंबरीश गेला होता. त्याला दोनदा वाढली आणि दोन्ही वेळा समितीच्या एका गृहस्थानं अगदी सहज विचारलं, आमचं भगुनं कुठवर आलं. तेव्हापासून दर रविवारी तो खोलीच्या मागच्या नळाखाली बसतो. चिंचेचं पाणी करून उकळतो, नारळाच्या काथ्यानं घासतो. मुरुडहून आई आली होती, तिनं पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, घरी कधी पेला विसळला नाहीस. कडा निघाल्या, पोट निघालं. श्रावण लागला तेव्हा तो ते रिक्षात घालून सरजाबाईच्या दारी घेऊन गेला. तिनं चहा दिला, उजेडात नेऊन भगुनं आडवं केलं, आत डोकं घालून बघितलं, आणि त्याच रिक्षात परत चढवलं.

"तळाला चार बोटं ऱ्हायलंय," ती म्हणाली.